सिद्धेश्वर ते लंडन: विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ कशी काढतात?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या सिद्धेश्वरमधून कुणी लंडनला शिकायला निघालं, की घरचे विचारतात, 'किती तासांत पोहोचणार?' मोबाईलवर मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर दिसतं. हा आकडा येतो कुठून?

आधी सोपं उदाहरण. सिद्धेश्वरला जवळचा विमानतळ नांदेडचा. नांदेड आणि मुंबई हे दोन्ही विमानतळ जवळपास १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि त्यांच्या रेखांशात साधारण ४.४५ अंशांचा फरक आहे. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. गुणाकार केला की हवाई अंतर मिळतं, सुमारे ४६७ किलोमीटर. रस्त्याने यापेक्षा बरंच जास्त भरतं.

लांबच्या प्रवासाला हा गुणाकार चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. तिथे दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग काढतात. त्याला 'ग्रेट सर्कल' म्हणतात. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. मुंबई-न्यूयॉर्कचा असा मार्ग (सुमारे १२,५०० किलोमीटर) थेट आइसलँडच्या बाजूने जातो! पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

आता वेळ. मोठं विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडतं. ७,२०० भागिले ९००, म्हणजे ८ तास. चढण्या-उतरण्यासाठी आणखी अर्धा तास धरा. तरी मुंबईहून लंडनला बहुधा साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना तासभर कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. शिवाय विमान नेहमी जवळच्याच वाटेने जाईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला. मोबाईलवरच्या ७,२०० मध्ये हा वळसा धरलेला नसतो.

सगळ्यात जास्त घोळ तिकिटावरच्या वेळेने होतो. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी १.३० ला निघून संध्याकाळी ६ ला लंडनला उतरणार आहे. प्रवास साडेचार तासांचा नाही. लंडनचं घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास १० तासांचा. घरच्यांनी फोनची वाट पाहायची ती रात्री साडेअकरानंतर. उन्हाळ्यात ब्रिटन घड्याळं एक तास पुढे करतं, त्यामुळे फरक साडेचार तासांचाच उरतो. परतीचा हिशेब करताना हाच फरक वजा करायचा.

सिद्धेश्वरहून मुंबईपर्यंतचा प्रवास आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचणं या हिशेबात धरलेलं नाही.