‘देवाचा दरबार’ आणि ख्रिस्ती माणसाचें गणगोत

धर्मांतराचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच बाजूनें होत आला आहे. एखादा गृहस्थ ख्रिस्ती झाला म्हणजे त्याच्या आप्तांनीं त्यास कसें वागविलें, पंक्तिव्यवहार ठेविला कीं तोडला, त्याच्या बायकोमुलांची वाट काय झाली, हे प्रश्न आमच्या पणजोबांच्या पिढीनें हिरिरीनें चर्चिले. परंतु या गोष्टीला दुसरीहि एक बाजू आहे. त्या गृहस्थानें जीं माणसें मागें ठेविलीं, तीं त्याच्या दृष्टीनें आतां कोण? रक्ताचें नातें कोणाच्या बोलण्यानें तुटत नाहीं. पण आत्म्याचें नातें उरतें काय? ज्या देवास तो ‘पिता’ म्हणून हाक मारितो, त्याच्या घरांत त्याची जुनी आई, त्याचा जुना शेजारी, त्यानें लहानपणीं ज्यांचे अभंग पाठ केले ते संत, यांस जागा आहे कीं नाहीं? हा प्रश्न वरवर ख्रिस्ती मंडळींचा घरगुती प्रश्न दिसतो. परंतु जेथें निरनिराळ्या धर्मांचे लोक एकाच आळींत राहतात, तेथें तो सर्वांचाच होतो.

प्रथम मूळ ग्रंथाकडे पाहूं. बायबलांत या बाबतींत दोन धागे आढळतात आणि ते दोन्ही जुने आहेत. येशूची आई व भाऊ त्यास बोलावीत बाहेर उभे असतां, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणें वागतो तोच आपला भाऊ, बहीण व आई, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिल्याची कथा आहे. या उत्तरांत नात्याची कसोटी आचरण ही आहे. नांव किंवा संस्कार ही नव्हे. पौल अथेन्स शहरीं मूर्तिपूजकांपुढें बोलतांना एका ग्रीक कवीचाच आधार घेऊन सर्व मनुष्यें देवाचा वंश आहेत असें सांगतो. उलटपक्षीं, योहानाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताचा स्वीकार करणारांसच देवाचीं मुलें होण्याचा अधिकार मिळाल्याचें म्हटलें आहे. आणि तोच पौल गलतीकरांस लिहितांना सर्वांचें बरें करावें, पण विशेषेंकरून विश्वासाच्या घराण्यांतील लोकांचें, असा भेद करितो. म्हणजे उत्पत्तीनें सर्व एका घरचे, आणि विश्वासानें कांहीं अधिक जवळचे, अशीं दोन वर्तुळें मुळांतच आखलेलीं आहेत. पुढील वाद झाला तो या दोहोंपैकीं कोणतें खरें ‘कुटुंब’ मानावयाचें याविषयीं.

दुसऱ्या शतकांतील जस्टिन हा तत्त्ववेत्ता ख्रिस्ती झाला आणि इ. स. १६५ च्या सुमारास रोम येथें धर्मासाठीं मारला गेला. ईश्वरी शब्दाचें बीज सर्व मानवजातींत पेरलेलें आहे, आणि त्याला अनुसरून जगलेले सॉक्रेटिसासारखे लोक वस्तुतः ख्रिस्तीच होते, असें त्याचें मत होतें. हें मत उदार खरें. पण त्यांत एक बारीक दोष आहे. सॉक्रेटिसास न विचारतां त्याला दत्तक घेतल्यासारखें हें झालें. विसाव्या शतकांत कार्ल राहनर या जर्मन धर्मशास्त्र्यानें इतरधर्मीय सज्जनांस ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटलें, तेव्हांहि हाच आक्षेप निघाला. पाहुण्यास आपलें आडनांव लावणें म्हणजे त्याचा आदर करणें नव्हे.

तिसऱ्या शतकांत कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें चर्चबाहेर तारण नाहीं असा सिद्धांत मांडला. त्याचा रोख मुख्यतः फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथांवर होता. परंतु पुढें तोच सिद्धांत सर्व जगाला लावण्यांत आला, व १४४२ सालीं फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनें तो अत्यंत कडक शब्दांत नमूद केला. तथापि मध्ययुगांतील सर्वच आवाज एका सुरांतले नव्हते. १०७६ सालीं पोप सातवा ग्रेगरी यानें उत्तर आफ्रिकेंतील अल्‌-नासिर या मुसलमान राजास पत्र लिहिलें. राजानें कांहीं ख्रिस्ती कैदी मुक्त केले होते. आपण दोघेहि निरनिराळ्या रीतीनें एकाच देवाला मानतों व भजतों, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढें वीस वर्षांच्या आंतच क्रूसेडांची हांक उठली, हें लक्षांत घेतलें म्हणजे या पत्राचें मोल अधिकच वाटतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत ओवी आहे, पुराणाची घाटणी आहे, स्वर्गाला ‘वैकुंठ’ हा शब्दहि आहे. परंतु ज्या साष्टींत हा ग्रंथ वाचला जात होता, तेथील देवळें त्यापूर्वींच पाडलीं गेलीं होतीं. घरची भाषा घेतली म्हणजे घरच्या माणसांचें नातें मान्य केलें, असें होत नाहीं. पुढें इंग्रजी अमलांत बाबा पदमनजी १८५४ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं आपल्या आत्मचरित्रास ‘अरुणोदय’ हें नांव दिलें. उपमा सुंदर आहे. पण अरुणोदय झाला असें म्हटलें कीं त्यापूर्वीं रात्र होती हें ओघानेंच आलें. रात्रीशीं कोणी नातें सांगत नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं निराळी उपमा निवडिली, आणि या लेखाचें खरें प्रयोजन तीच आहे. टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांची व त्यांची कांहीं वर्षें ताटातूट झाली. तो काळ ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या कोणाहि मराठी वाचकास सांगावयास नको. नात्याची किंमत टिळकांनीं रोख मोजली होती. आणि तरीहि, आपण ख्रिस्ताच्या पायांपाशीं आलों तें तुकोबांच्या सेतूवरून, असें ते सांगत. सेतु आणि रात्र यांत महदंतर आहे. रात्र सरली म्हणजे आपण ती विसरतों. सेतूनें मात्र आपला भार वाहिलेला असतो.

टिळकांनीं अमेरिकन मराठी मिशनमध्यें बावीस वर्षें काम केलें, ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग संपादिला, आणि ज्यांच्यामुळें मराठी उपासनेला मराठी गळा लाभला अशीं भजनें लिहिलीं. परंतु एक शल्य त्यांच्या मनांत वाढत गेलें. ख्रिस्ती समाज हा मिशनच्या आवाराभोंवतीं वसलेला एक निराळाच गांव होऊन बसला होता. बाप्तिस्मा घेणारा त्या गांवांत शिरे आणि आपल्या देशबांधवांना अंतरे. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करिली, व साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा संकल्प जाहीर केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य या दरबारांत भावाबहिणींच्या नात्यानें एकत्र यावयाचे होते. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें, आणि त्यांच्यामागें दरबार फार काळ टिकला नाहीं.

या प्रयोगाविषयीं आज लिहितांना भाबडेपणा उपयोगाचा नाहीं. एक तर टिळकांनीं सर्वधर्मीयांस एकाच पंक्तीला बसविलें असें म्हणणें चुकीचें होईल. दरबार ख्रिस्ताचाच होता. जो हिंदु राहून ख्रिस्तास गुरु मानील त्याला त्यांत प्रवेश होता, जो मानणार नाहीं त्याचा विचार त्यांत झालेला नव्हता. दुसरें, त्यांच्या टीकाकारांची शंकाहि क्षुद्र नव्हती. ज्या गरीब, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांनीं बाप्तिस्म्यासाठीं गांवचा रोष सोसला, त्यांनीं असें विचारलें असतें कीं, कांहींच न सोसणारा सुशिक्षित मनुष्य आमच्याइतकाच घरचा कसा? या प्रश्नाला दरबाराजवळ सोपें उत्तर नव्हतें. पुढें १९३८ सालीं मद्रासजवळ तांबरम्‌ येथें भरलेल्या जागतिक मिशन परिषदेच्या निमित्तानें हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. हेंड्रिक क्रेमर या डच पंडितानें ख्रिस्ती प्रकटीकरण व इतर धर्म यांत मूलभूत खंड आहे असें प्रतिपादिलें. मद्रासकडील चेंचय्या प्रभृति भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनीं त्याला विरोध केला. ज्यांचे आईबाप हिंदु होते त्यांना तो खंड तितका स्वच्छ दिसेना, यांत नवल नाहीं.

आमच्या मतें या वादांत एक गोष्ट नीटशी पाहिली गेली नाहीं. कुटुंब म्हटलें कीं आपल्यापुढें भावंडेंच उभीं राहतात. परंतु कुटुंबांत पूर्वजहि असतात. विश्वासानें माणूस नवीं भावंडें मिळवूं शकेल. त्याला नवे पूर्वज निवडतां येत नाहींत. टिळकांना देवापुढें रडावयास ज्यांनीं शिकविलें ते तुकोबा. तुकोबांना ख्रिस्ती ठरविण्याची टिळकांना गरज नव्हती, आणि परके ठरविणें त्यांना शक्य नव्हतें. जस्टिनानें सॉक्रेटिसास दत्तक घेतलें. टिळकांनीं उलट तुकोबांचें ऋण मान्य केलें. दत्तकांत देणारा मोठा असतो, ऋणांत घेणारा नम्र असतो. ‘तुम्ही आमच्या घरचे’ असें दुसऱ्यास सांगणें सोपें. ‘मी तुमच्याहि घरांत वाढलों’ असें म्हणणें कठीण, आणि आम्हांस वाटतें, नातें खरें ठरतें तें या दुसऱ्या वाक्यानें.

लक्ष्मीबाईंचें उदाहरणहि येथें बोलकें आहे. ख्रिस्ती होण्याच्या आधींच, स्वतःच्या विचारानें, त्यांनीं जातिभेद टाकून दिला व कोणाच्याहि हातचें खाऊं-पिऊं लागल्या. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला. म्हणजे माणसांचें नातें त्यांना आधीं पटलें आणि धर्माचें नांव मागाहून आलें. हा क्रम धर्मशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सांपडेल.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांविषयींचें आपलें निवेदन प्रसिद्ध केलें. त्याला अनुकूल मतें २२२१ आणि प्रतिकूल ८८ पडलीं. इतर धर्मांत जें सत्य व पवित्र असेल तें चर्च नाकारीत नाहीं, आणि कोणाशींहि बंधुभावानें वागण्याचें नाकारून देवाला सर्वांचा पिता म्हणतां येणार नाहीं, हा त्याचा सारांश आहे. तळटीपेंत आधार म्हणून ग्रेगरीचें १०७६ सालचें पत्र दिलेलें आहे. सुमारें नऊशें वर्षें एक पत्र जपून ठेविलें गेलें, आणि वेळ येतांच तें कामीं आलें.

टिळकांचा दरबार प्रॉटेस्टंट, ही परिषद कॅथॉलिक; दोहोंचा प्रत्यक्ष संबंध कांहीं नाहीं. तरीहि साताऱ्यास बसून एका मराठी कवीनें जो प्रश्न विचारला, तो रोमच्या प्रश्नाहून लहान नव्हता. तो आज ख्रिस्ती मंडळींपुढें आहे, तसा आपल्यापुढेंहि आहे. जो आपलें घर सोडून दुसऱ्या उपासनेला गेला, त्याला आपण अजून आपल्या गणगोतांत धरतों काय? टिळकांनीं तुकोबांचें नातें सोडलें नाहीं. मराठी समाजानें त्यांची कविता आपली मानिली, आणि ‘स्मृतिचित्रें’ तर घरोघर वाचलीं गेलीं. निदान या एका घराण्यापुरतें उत्तर दोन्ही बाजूंनीं सारखेंच आलें, याचें समाधान वाटतें.