दात, खजूर आणि पचन

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. सौदीत आल्यावर तिचा उत्तरार्ध आम्हाला नव्याने कळला. येथे चणे, बदाम, खजूर यांना तोटा नाही. पण व्हिजिट व्हिसावर आलेले आपले आई-वडील भाकरीचा काठ बाजूला सारतात, काकडी नको म्हणतात आणि आमटी-भात तसाच गिळून उठतात. "पचत नाही रे," म्हणतात. दोष पोटाला मिळतो. चौकशी मात्र तोंडापासून व्हायला हवी.

१८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा छर्रा लागला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. डॉ. विल्यम बोमाँट यांनी १८२५ पासून त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांस, पाव, कोबी आत सोडून पाहिले. (सेंट मार्टिनला काय वाटत होते, याची फिकीर कोणी फारशी केली नाही.) अन्न जितके बारीक तितके ते लवकर पचते, असे त्यांनी १८३३ च्या पुस्तकात नोंदवले. आम्हा रसायनवाल्यांना यात नवल नाही. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून पाहा. शिवाय लाळेने पिष्टाची साखर होते, हे जर्मन रसायनज्ञ लॉइक्स यांनी १८३१ सालीच दाखवले होते. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळे. दातांनी घास फोडलाच नाही, तर लाळ आत शिरणार कशी?

पण दात जे दळतात, तेच दातांना खातेही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वस्ती. जव हे मुख्य पीक. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांचे दुधाचे दातसुद्धा जॉन ल्यूकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तपासले. हाड झिजते, भरते. दातावरचे कवच एकदा बनले की पुन्हा बनत नाही. ते घडत असताना बाळाला आजार वा उपासमार सोसावी लागली, तर खूण तशीच राहते.

याच ल्यूकॅक्स यांचे नाव १९९९ सालच्या ओमानवरील एका शोधनिबंधावरही आहे. आपल्या शेजारच्या त्या देशात लोहयुगातील सांगाड्यांत किडलेले आणि जिवंतपणीच पडलेले दात पुष्कळ आढळले. संशोधकांनी बोट ठेवले ते खजुरावर. गोड, चिकट, दातांच्या फटीत बसणारा! आमच्या मते मुलांच्या हातातल्या टॉफ्या आणि पेप्सीचे डबे त्याच्याही पुढचे.

येथील मशिदींबाहेर विकतात ती मिस्वाकची काडी अराक झाडाची, म्हणजे आपल्याकडच्या पिलूची. तिच्या मुळात बेंझिल आयसोथायोसायनेट असते. मोहरीच्या झणझणीतपणाच्या कुळातलेच हे द्रव्य, आणि तोंडातल्या जंतूंना ते मारते. काडी ताजी, ओलसर बघून घ्यावी. टोक झिजले की कापून नवे करावे. आजोबांना ते चावता येत नसेल, तर पाण्यात भिजवून खलबत्त्यात हलकेच ठेचून द्यावे.