प्रोग्रेसिव्ह मेटलसाठी परवडणारी बेस गिटार : किनारपट्टीवर निवड कशी करावी?

मालवण, वेंगुर्ला किंवा देवगडमधील तरुणाने बेस गिटार घ्यायचे ठरवले, की दोन अडचणी त्याच्यापुढे उभ्या राहतात. पहिली अंतराची. चार-पाच वाद्ये शेजारी ठेवून, प्रत्यक्ष वाजवून निवड करता येईल अशी मोठी दुकाने पणजी, मडगाव किंवा मुंबईला. त्यामुळे बहुतेक खरेदी छायाचित्र पाहून, कुरिअरने होते. दुसरी अडचण हवेची. आंब्याचा आणि पर्यटनाचा हंगाम मे महिन्यात संपत आला, की घरात थोडा पैसा असतो आणि तेव्हाच खरेदी होते. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि नव्या वाद्याचे पहिले चार महिने दमट, खाऱ्या हवेत जातात. अशा परिस्थितीत वीस-पंचवीस हजार रुपये चुकीच्या वाद्यात गुंतले, तर ते बदलून घेणे सोपे नसते. अनेकांचा छंद तिथेच थांबतो. म्हणूनच काय पाहून घ्यावे आणि कशावर पैसे खर्च करू नयेत, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

हे संगीत बेसकडून काय मागते?

प्रोग्रेसिव्ह मेटल हा प्रकार १९८०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. क्वीन्सराइक, फेट्स वॉर्निंग आणि १९८५ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेला ड्रीम थिएटर ही त्यातील आरंभीची नावे. हेवी मेटलचा जोर आणि गुंतागुंतीची लयरचना यांचा हा संयोग आहे. भारतात मुंबईच्या ‘कोशिश’ने २०१३ मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदी प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम काढला. पुण्यात २०१० पासून भरू लागलेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सवानेही अशा संगीताला महाराष्ट्रात व्यासपीठ दिले.

या संगीतात पाच, सात, अकरा अशा विषम मात्रांची आवर्तने सर्रास येतात. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ज्याला ठाऊक आहे, त्याला हे हिशेब परके वाटत नाहीत. सिंधुदुर्गात डबलबारीची भजने आणि दशावताराचा पखवाज ऐकत वाढलेल्या कानाला लयीच्या जागा ओळखण्याची सवय असतेच. नवे असते ते बेसचे काम. मुख्य गिटार अनेकदा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावलेली असते आणि ड्रमचा मोठा ढोल तिच्याबरोबर अचूक पडतो. या दोघांना बांधून ठेवणारा स्वर बेसचा. तो खर्जात असूनही स्पष्ट, सुटा ऐकू यायला हवा. घुमणारा पण अस्पष्ट खर्ज इथे उपयोगाचा नाही. वाद्य निवडताना हीच मुख्य कसोटी धरावी.

चार तारा की पाच?

नेहमीच्या बेसला चार तारा असतात आणि सर्वांत खालची तार ‘ई’ या स्वरात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवर लावलेली असते. पाच तारांच्या बेसवर त्याखाली ‘बी’ची जाड तार येते. तिची कंपने सुमारे ३१. खाली लावलेल्या गिटारबरोबर वाजवायचे असेल, तर पाचवी तार सोयीची पडते.

मात्र ती अनिवार्य नाही. ‘टूल’ या प्रसिद्ध बँडचा बेसवादक जस्टिन चॅन्सेलर प्रामुख्याने चार तारांचाच बेस वाजवतो, तर ड्रीम थिएटरचा जॉन म्युंग सहा तारांचा. ज्याचे अंदाजपत्रक आखूड आहे, त्याने स्वस्तातला पाच तारांचा बेस घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगला चार तारांचा घ्यावा. पाच तारांच्या संचातील खालच्या चार तारा त्यावर चढवून तो ‘बी-ई-ए-डी’ असा लावता येतो. यासाठी नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या खाचा किंचित रुंद कराव्या लागतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पाच तारांच्या स्वस्त वाद्याची परीक्षा त्या ‘बी’ तारेवरच होते. ही तार जाड आणि तुलनेने सैल असते. ब्रिज किंवा मान कमकुवत असेल, तर तिचा स्वर फडफडतो आणि स्वराची उंची नीट कळत नाही.

मापे आणि पिकअप

नटपासून ब्रिजपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच असते. ३५ इंची वाद्यावर ‘बी’ तारेला अधिक ताण मिळतो आणि स्वर सुटा येतो. कॅनडाच्या डिंगवॉल कंपनीचे ३७ इंचांपर्यंत जाणारे तिरक्या पडद्यांचे बेस या संगीतात लोकप्रिय झाले ते याच कारणाने. ती वाद्ये सामान्य खिशाबाहेरची आहेत. सुरुवातीला ३४ इंच पुरेसे आहेत. ‘बी’साठी ०.१३० इंच जाडीची किंवा त्याहून जाड तार लावली, की बराच फरक पडतो.

पिकअप म्हणजे तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे चुंबकीय साधन. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरातील वायरिंगची गुणगुण सहज शिरते. दोन वेटोळ्यांचा हंबकर ती बऱ्याच अंशी दाबून टाकतो. जुन्या घरांत अर्थिंग कच्चे असेल आणि गिटारचा आवाज भरपूर विकृत करून वाजवायचा असेल, तर हंबकर किंवा १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजनच्या धर्तीचा, पुढे दुभागलेला पिकअप श्रेयस्कर.

‘अ‍ॅक्टिव्ह’ बेसमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी स्वरनियंत्रक यंत्रणा असते. ती उपयुक्त आहे. पण केबल जोडलेली राहिली तर बॅटरी संपत राहते. वाजवून झाल्यावर केबल काढण्याची सवय लावावी. ‘पॅसिव्ह’ बेसमध्ये ही कटकट नसते आणि बिघडण्यासारखे भागही कमी असतात.

बाजारात काय मिळते?

भारतात सहज मिळणाऱ्या वाद्यांपैकी यामाहाचा टीआरबीएक्स १७४ हा चार तारांचा, पॅसिव्ह बेस पहिल्या खरेदीसाठी भरवशाचा आहे. त्यात प्रिसिजन आणि जॅझ अशा दोन्ही धर्तींचे पिकअप असून २४ पडदे आहेत. पाच तारांमध्ये आयबानेझचा जीएसआर २०५ तुलनेने स्वस्त. त्यावरच्या पायरीवर यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ आणि आयबानेझचा एसआर ३०५ ई येतात. आयबानेझच्या एसआर मालिकेची मान सडपातळ असते, त्यामुळे जलद बोटांना ती सोयीची वाटते. कोर्टच्या अ‍ॅक्शन मालिकेतील पाच तारांचा बेसही विचारात घेण्याजोगा आहे. ढोबळमानाने चार तारांची प्रारंभिक वाद्ये पंधरा ते पंचवीस हजार रुपयांत, तर पाच तारांची पंचवीस ते चाळीस हजारांत येतात.

शरीराचे लाकूड कोणते, यावर या किमतीत फार वेळ घालवू नये. रंग आणि चमक यांवर तर मुळीच नाही. मानेचा सरळपणा, पडद्यांची सफाई आणि खुंट्यांची घट्ट पकड यांवर आवाज अधिक अवलंबून असतो.

हाती घेतल्यावर काय तपासावे?

दुकानात किंवा कुरिअरचे खोके उघडल्याबरोबर पुढील तपासणी करावी. परत करण्याची मुदत संपण्याआधीच ती व्हायला हवी.

१. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी. सातव्या-आठव्या पडद्याशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकीच फट असावी.

२. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असावी. त्याहून फार अधिक असल्यास बोटे थकतात, फार कमी असल्यास तार पडद्यांवर आपटते.

३. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. एखाद्याच जागी स्वर चटकन विझत असेल किंवा खरखरत असेल, तर दोष पडद्यात वा मानेत आहे.

४. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. थोडा फरक ब्रिजवरच्या स्क्रूने काढता येतो.

५. पट्टा लावून उभे राहावे. मानेचा भाग खाली झुकत असेल, तर डाव्या हाताला सतत भार पेलावा लागतो.

खारी हवा आणि पावसाळा

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि मानेचा बाक बदलतो. मे महिन्यात नीट लावलेले वाद्य जुलैमध्ये खरखरू लागले, तर ते खराब झाले असे समजू नये. मानेच्या आतील ट्रस रॉड पाव फेऱ्याने फिरवून बाक पूर्ववत करता येतो. त्याहून अधिक एका वेळी फिरवू नये आणि जोर लावावा लागत असेल तर थांबावे. वाद्याची मांडणी वर्षातून दोनदा, म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा एकदा, करून घेतल्यास पुरते.

मिठाची हवा तारांवर आणि पडद्यांवर आधी परिणाम करते. वाजवल्यानंतर प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने वरून-खालून पुसावी. आवरणयुक्त तारा महाग असतात, पण किनाऱ्यावर त्या अधिक काळ टिकत असल्याने हिशेबात स्वस्त पडतात. पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर बेस टांगू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

गणेशोत्सवात किंवा जत्रेच्या मंचावर जनरेटरची वीज असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरला हात लावण्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे. बेसच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि एका हातात तारा, ओठाशी माइक अशा स्थितीत सदोष वायरिंगचा धक्का जिवावर बेतू शकतो.

पैशांची वाटणी

सर्व रक्कम वाद्यावर खर्च करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. उदाहरणादाखल, हाती ३५ हजार रुपये असतील, तर २५-२६ हजार वाद्याला, तीनेक हजार नव्या तारा व मांडणीला आणि उरलेले आवाज ऐकण्याच्या साधनाला ठेवावेत. लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमधून ३१ कंपनांचा खर्ज नीट उमटत नाही. ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर. त्यामुळे घरच्या सरावासाठी चांगला हेडफोन आणि संगणकाला जोडण्याचा साधा ऑडिओ इंटरफेस अधिक उपयोगी पडतो. शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर बँड जमल्यावर घ्यावा.

शक्य असेल त्याने खरेदीपूर्वी एक दिवस मोडून गोव्याची फेरी करावी. मालवणहून पणजी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे एकाच किमतीची दोन-तीन वाद्ये ओळीने वाजवून, डोळे मिटून फक्त खालची तार ऐकावी. जिचा स्वर शेवटपर्यंत सुटा ऐकू येतो ती आपली, मग तिचा रंग आवडता असो वा नसो.