न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि इस्पितळातील कामगार

न्यायाधीशाचे चरित्र म्हणजे त्याने भूषविलेल्या पदांची यादी, असा एक समज आहे. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांची तशी यादी देणे सोपे आहे. १९०१ साली साताऱ्यास संस्कृत पंडितांच्या घराण्यात जन्म. १९२६ पासून मुंबईस वकिली. १९४५ साली उच्च न्यायालयात, १९५६ साली सर्वोच्च न्यायालयात. १९६४ ते १९६६ भारताचे सरन्यायाधीश. पुढे राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष. परंतु आम्ही कायदा शिकलो तो कॉलेजात नव्हे, गेटसभा आणि कोर्टाचे जिने यांच्यामध्ये जो वेळ मिळाला त्यात. आणि आम्हांला हे गृहस्थ भेटले ते १९६० सालच्या एका निकालात.

मुंबईच्या जे. जे. इस्पितळाच्या वॉर्डांत काम करणाऱ्या दोघा सेवकांना सरकारने कामावरून कमी केले. कायद्याची नुकसानभरपाई मात्र दिली नाही. त्यांच्या वतीने हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे असे की, इस्पितळ म्हणजे गिरणी नव्हे. येथे नफा नाही, म्हणून हा उद्योग नाही, आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा येथे लागूच होत नाही. आता, मालक नफा मिळवितो की धर्म करतो, याने फरशी पुसणाऱ्याच्या कंबरदुखीत काय फरक पडतो? गजेंद्रगडकरांनी सरकारचे अपील फेटाळले. मालक व कामगार यांच्या सहकार्याने, पद्धतशीरपणे समाजाला सेवा पुरविणारे काम हा उद्योगच. नफ्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. न्यायदान, कायदे करणे ही राज्याची खास कामे तेवढी बाहेर. डाळज-भिगवणच्या बाजूची जी माणसे पुण्यामुंबईच्या इस्पितळांत राबली, त्यांनाही आपण कायद्याच्या लेखी कामगार आहोत, हे या निकालाने सांगितले.

तरीही आरती ओवाळणे आम्हांला जमणार नाही. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा प्रश्न याच न्यायमूर्तींपुढे आला, तेव्हा शिक्षण हा उद्योग नव्हे, असे त्यांनी ठरविले. वॉर्डातला सेवक कामगार आणि विद्यापीठाची बस हाकणारा नव्हे, हे कोडे आम्हांला कधी सुटले नाही. पंडितांच्या घरातला विद्येविषयीचा आदर तर आड आला नसेल?

इस्पितळाचा निकालही टिकला नाही. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानेच तो चुकीचा ठरविला. पुढे १९७८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात तो पुन्हा उभा केला, आणि त्याच निकालात विद्यापीठेही उद्योगाच्या व्याख्येत आणून बसविली. गजेंद्रगडकर १९८१ साली वारले. म्हणजे आपला एक निकाल मेलेला जिवंत झालेला आणि दुसरा मोडलेला, दोन्ही त्यांच्या हयातीतच घडले.