युनिव्हर्सल मिलिंगची कुळकथा

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या कितीतरी टूलरूममध्ये सीएनसी यंत्रांच्या शेजारी एखादे जुने युनिव्हर्सल मिलिंग मशीन अजून कामाला असते. बहुतेक वेळा ते एचएमटीचे एफएन2यू. तुटलेल्या गिअरच्या जागी एकच नवा करून हवा असेल किंवा फिक्श्चरमध्ये ऐनवेळी फेरफार करायचा असेल, तर मिस्त्री अजूनही त्याच्याकडेच वळतो. या यंत्राचा जन्म गुलामगिरीवरून दुभंगलेल्या अमेरिकेत, यादवी युद्ध चालू असताना झाला. बंदुका बनवणाऱ्या एका कारखान्याची ड्रिलची अडचण हे त्याचे निमित्त.

कुळ शोधायचे तर त्या युद्धाच्याही मागे जावे लागते. 1794 साली एलाय व्हिटनी याने कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. सरकी काढणे सोपे झाले, तसा दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाचा पेरा वाढत गेला. कापूस वेचायला मात्र माणसाचेच हात लागत, आणि ते हात गुलामांचे होते. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते. 1860 पर्यंत त्यांची संख्या 40 लाखांच्या घरात गेली. कष्ट वाचवणाऱ्या यंत्रानेच लाखो माणसांच्या पायातली बेडी घट्ट केली.

याच व्हिटनीने 1798 मध्ये सरकारला 10,000 बंदुका पुरवण्याचे कंत्राट घेतले. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, या कल्पनेचा त्याने जोरदार पुरस्कार केला. ती प्रत्यक्षात उतरवायला सरकारी शस्त्रशाळांना पुढची काही दशके लागली. त्या खटपटीतून गेज आली, जिग आले आणि साधी मिलिंग यंत्रेही आली. ती सपाट पृष्ठभाग आणि सरळ खाच उत्तम कापत. वळत जाणारी खाच मात्र त्यांना जमत नसे.

सरकारच्या दोन मोठ्या शस्त्रशाळा होत्या, स्प्रिंगफिल्ड आणि हार्पर्स फेरी. गुलामांच्या हाती शस्त्र देऊन उठाव घडवायचा, म्हणून जॉन ब्राऊनने ऑक्टोबर 1859 मध्ये हार्पर्स फेरीवर छापा घातला. तो फसला आणि ब्राऊनला फाशी झाली. एप्रिल 1861 मध्ये युद्धाला तोंड फुटले. हार्पर्स फेरी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या सैनिकांनी आपल्याच शस्त्रशाळेला आग लावली. तरी तिथली बरीच यंत्रे दक्षिणेच्या हाती लागली. उत्तरेकडे एकटी स्प्रिंगफिल्ड उरली आणि सैन्य तर लाखोंनी उभे राहत होते. मग बंदुकांची कंत्राटे खासगी कारखान्यांना द्यावी लागली.

त्यांतला एक कारखाना ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातली प्रॉव्हिडन्स टूल कंपनी. त्या काळची बंदूक टोपीची होती. नळीच्या मागच्या बाजूला पोलादाची छोटी निपल असे आणि तिच्यावर टोपी बसवत. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलमधल्या बारीक भोकातून आतल्या दारूपर्यंत जाई. हे भोक पाडायला ट्विस्ट ड्रिल लागे. त्या ड्रिलच्या अंगावरच्या पिळदार खाचा कारागीर गोल कानशीने, एकेक घासून काढत. एका ड्रिलला वेळ फार लागे आणि दोन ड्रिल सारखी निघत नसत. हजारो बंदुकांचे काम या कानशीपाशी अडले होते.

कंपनीचा कारभार पाहणारा फ्रेडरिक हाऊ ही अडचण घेऊन गावातल्याच जोसेफ ब्राऊनकडे गेला. हा ब्राऊन घड्याळजीचा मुलगा. ल्यूशन शार्प या भागीदारासह तो मोजमापाची साधने आणि विलकॉक्स अँड गिब्ज कंपनीसाठी शिलाई मशीन बनवत असे. हाऊला एका कामापुरते यंत्र हवे होते. ब्राऊनच्या लक्षात आले की पिळदार खाच कापणारे यंत्र थोडे मोकळे ठेवले, तर त्यावर गिअरचे दातही कापता येतील आणि कटरही बनवता येतील.

त्याची रचना आज आयटीआयचा विद्यार्थीही ओळखेल. वरखाली होणाऱ्या नीवर टेबल बसवले आणि ते हव्या त्या कोनात फिरवता येईल असे ठेवले. टेबलावर जॉब धरणारे हेड बसवून ते टेबलाच्या स्क्रूला गिअरने जोडले. टेबल पुढे सरकले की जॉब आपोआप स्वतःभोवती फिरतो आणि कटरखाली पिळदार खाच उमटत जाते. एक खाच झाली की इंडेक्सिंग करून, म्हणजे जॉब मोजून फिरवून दुसरी घ्यायची. आजच्या डिव्हायडिंग हेडमध्ये हँडलचे 40 फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. दोन खाचांच्या ड्रिलला मध्ये 20 फेरे द्यायचे. 14 मार्च 1862 रोजी पहिले यंत्र प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला विकले गेले. ब्राऊनला त्याचे पेटंट 1865 मध्ये मिळाले. याच वर्षी युद्ध संपले आणि डिसेंबरमध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने रद्द झाली.

याच प्रॉव्हिडन्सच्या परिसरातल्या कापडगिरण्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर वाढल्या होत्या. काही गिरण्या तर गुलामांच्या अंगावर घालायचे जाडेभरडे कापडच विणत. तिथल्या यंत्रकारागिरीचा पाया गिरण्यांच्या कामातच घातला गेला होता. ज्या कौशल्याला गुलामीच्या कापसाने पोसले, तेच पुढे गुलामी मोडणाऱ्या सैन्याच्या उपयोगी पडले. यंत्राला स्वतःची बाजू नसते. त्याचा मालक कोणत्या बाजूला उभा आहे, यावर सगळे ठरते.

1867 च्या पॅरिस प्रदर्शनात हे यंत्र जगाने पाहिले आणि पुढे सायकल व मोटारीच्या कारखान्यांतही त्याच धाटणीची यंत्रे पोचली. आपल्याकडे ते घडवायला स्वातंत्र्य यावे लागले. 1953 मध्ये बंगळुरूच्या जालहळ्ळीत एचएमटी उभी राहिली. आधी स्विस सहकार्याने लेथ, मग जर्मनीच्या फ्रिट्झ वेर्नर कंपनीच्या सहकार्याने मिलिंग मशीन बनू लागले. 1962 मध्ये तुमकूर रस्त्यावर यंत्र-उत्पादन तंत्राची केंद्रीय संशोधन संस्था, आजची सीएमटीआय, स्थापन झाली. या दोघींच्या शेजारी सत्तरच्या दशकात पीण्या वसले. आज तिथे एका गल्लीत मिलिंगचे कटर फिरतात आणि दुसऱ्या गल्लीतल्या गारमेंट कारखान्यांत बायका शिलाई मशीनवर वाकलेल्या असतात. ब्राऊनच्या वर्कशॉपमधली दोन्ही कामे इथे शेजारी नांदतात.

महाराष्ट्राला अमेरिकेचे ते यादवी युद्ध दोन अंगांनी कळले. अमेरिकेचा कापूस थांबल्याने खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत सट्टा पेटला आणि 1865 मध्ये कोसळला. दुसरे अंग जोतीराव फुल्यांनी ओळखले. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा बाळगली.

ही आशा पुढे आपल्या कायद्यात उतरली. घटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. उचल देऊन माणसाला कामाला जखडून ठेवणे 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. कर्नाटकातली ‘जीत’ प्रथाही त्यात येते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले.

म्हणून पीण्यातल्या, भोसरीतल्या आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमालकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना कळकळीची विनंती आहे. डिव्हायडिंग हेडचे गणित शिकवाल, त्या दिवशी मुलांना ही कुळकथाही सांगा. 23 वे कलम आणि किमान वेतनाचा कायदा त्याच तासाला शिकवा. आणि ठेकेदारामार्फत ओडिशा-बिहारहून आलेल्या मुलाच्या हाती पुरे वेतन पडते की नाही, हे मालकाने स्वतः हजेरीपट उघडून तपासावे.