जेऊरवरून गेलेली तार

सोलापूर जिल्ह्यात एकाच मालकीच्या अनेक कचेऱ्या तारेने जोडण्याचे मोठे काम रेल्वेने केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे लोकांच्या तोंडची जीआयपी, पुण्याकडून पूर्वेला सरकत होती. तिचा दिकसाळ ते बार्शी रोड हा टप्पा 23 ऑक्टोबर 1859 रोजी सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, आणि जेऊर याच टप्प्यातले स्टेशन. तालुक्याचे गाव करमाळा रुळांपासून बाजूला राहिले, त्यामुळे तालुक्याची ये-जा जेऊरवरून होऊ लागली. रुळांच्या कडेला खांब आले, खांबांवर तार आली. पुढे बराच काळ या भागात बातमी मुख्यतः याच वाटेने आली-गेली.

रेल्वेला तार हवी होती ती गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, आणि ती आहे की नाही याबद्दल दोन्ही स्टेशनमास्तरांची नोंद एकच असली पाहिजे. सुरुवातीला हे काम मोर्सच्या तारयंत्रावर चाले. प्रत्येक स्टेशनला अक्षरांचा एक ठरलेला संकेत असे. तो वाजला की त्या स्टेशनच्या तारबाबूने उत्तर द्यायचे आणि बाकीच्यांनी ऐकून सोडून द्यायचे. एकाच तारेवर अनेक ठिकाणे बसवायची तर प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा लागतो, ही गोष्ट संगणकाच्या फार आधी येथे रुजली होती.

यापुढचे पाऊल टोकन यंत्राचे. त्याला या सगळ्या इतिहासात मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. भारतातल्या एकेरी मार्गांवर नीलचे बॉल टोकन यंत्र सर्रास वापरात होते. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र असे, दोन्ही तारेने बांधलेली असत, आणि दोन्हींत धातूचे गोळे भरलेले असत. एका यंत्रातून गोळा काढायचा तर पलीकडच्या मास्तरने संमती द्यावी लागे. एकदा गोळा बाहेर आला की तो दोहोंपैकी कोणत्याही यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. हा गोळा वेताच्या कडीतल्या पिशवीतून ड्रायव्हरच्या हाती जाई. तोच त्याचा पुढे जाण्याचा परवाना. दोन दूरच्या ठिकाणी एकच हिशेब ठेवायचा आणि एकाच वेळी दोघांना तो बदलता येऊ द्यायचा नाही, हे आज बँकेच्या सर्व्हरला करावे लागणारे काम तेव्हा लोखंड, चुंबक आणि बॅटरी यांच्यावर भागत होते. तार तुटली तर यंत्र अडून बसे. गाडी थांबे, कागदी परवान्याची लांबलचक पद्धत सुरू होई, पण अपघात होत नसे. बिघाड झाला तर काम सुरक्षित बाजूला थांबावे, हा विचार नंतरच्या अनेक संगणकी व्यवस्थांपेक्षा येथे पक्का होता.

आरक्षणाच्या कामात मात्र रेल्वेला ही एकवाक्यता फार उशिरा साधली. गाडीतल्या जागा स्टेशनांना कोट्याने वाटलेल्या असत. आपल्या वाट्याच्या जागा त्या त्या स्टेशनने आपल्या वहीत भरायच्या. मधल्या स्टेशनच्या माणसाला परतीची किंवा पुढच्या गाडीची जागा हवी असेल तर तार करायची आणि उत्तराची वाट बघायची. एका स्टेशनचा कोटा रिकामा जाई, तर दुसऱ्या ठिकाणी माणसे उभ्याने प्रवास करीत. संगणकी आरक्षण दिल्लीत 1986 च्या सुमारास आले, मग मुंबईत. पण दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे आपापली वही सांभाळत राहिली. ती एकमेकांना जोडून कुठूनही कुठलेही तिकीट मिळू लागले ते 1999 साली.

बँकांचा प्रवास याहून अडखळत झाला. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मागोमाग संपूर्ण शाखेचे संगणकीकरण आले. पण खाते शाखेचेच राहिले. दिवसअखेरची माहिती फ्लॉपीवर घेऊन वरच्या कार्यालयात पाठवली जाई. दूरच्या शाखा जोडायला तेव्हा मुख्यतः दोन मार्ग होते. टेलिफोन खात्याची लीज्ड लाइन अंतरावर भाडे आकारी, म्हणून खेड्यातली शाखा जोडणे सर्वांत महाग पडे. दुसरा मार्ग छपरावरच्या व्हीसॅट तबकडीचा. तिला अंतराचे सोयरसुतक नव्हते. पण उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद लागे. फाईल पाठवायला हे ठीक; प्रत्येक नोंदीला मध्यवर्ती सर्व्हरला विचारायचे असेल तर रांग वाढते. कोअर बँकिंग आल्यावर नेमके तेच करावे लागले. ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला, आणि वही गावातून डेटा सेंटरमध्ये गेली. त्याबरोबर ‘आज लिंक नाही’ हे वाक्य तालुक्यातालुक्यांत रुळले. जुन्या पद्धतीत तार तुटली तरी शाखेचा रोजचा व्यवहार चालत असे. आता लिंक गेली की काउंटरच बंद.

सहकारी साखर कारखाने हा अशा विखुरलेल्या कामाचा महाराष्ट्रातला खास नमुना. कारखाना एका ठिकाणी, ऊस शेकडो गावांत, मध्ये गट कार्यालये आणि चिठ्ठ्या घेऊन गावोगाव फिरणारे चिटबॉय. लागणीची नोंद, तोडीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि बिल ही साखळी वर्षानुवर्षे मोटारसायकलवरून फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवर चालली. वारणानगरला 1998 साली केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातली सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. खेड्यांचा कायापालट हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात टिकला तो उसाच्या नोंदीचा आणि वजन-बिलाचा भाग, कारण त्यात शेतकऱ्याचा रोजचा स्वार्थ होता. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला आणि तेवढ्यावर ते काम भागले. जोडणीचा आकार कामावरून ठरवावा, हे वारणेने फार लवकर दाखवून दिले. जेऊर परिसरातल्या ऊस पट्ट्यालाही तोच धडा लागू पडतो.

तारेची जुनी वाट या शतकात पुन्हा कामी आली. सप्टेंबर 2000 मध्ये रेलटेल स्थापन झाली. रुळांकडेच्या जमिनीतून ऑप्टिकल फायबर नेऊन, रेल्वेची गरज भागवून उरलेली क्षमता इतरांना द्यायची, असे तिचे काम. जेऊरवरून जाणाऱ्या दौंड ते कलबुर्गी मार्गाचे दुहेरीकरण 2022 मध्ये पुरे झाले, आणि जिच्यासाठी टोकन यंत्र लागे ती एकेरी वाट संपली. दरम्यान, सर्वसामान्यांची तार सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली होती.

फायबर आणि एमपीएलएस (दूरसंचार कंपनीच्या सामायिक जाळ्यात प्रत्येक ग्राहकाला बंदिस्त मार्ग देणारी पद्धत) यांच्यामुळे लीज्ड लाइनचे गणित बदलले. आता शाखेपासून कंपनीच्या जवळच्या केंद्रापर्यंतचे भाडे भरले की सर्व शाखा एकाच बंदिस्त जाळ्यात भेटतात. छोट्या संस्थेला साध्या ब्रॉडबँडवर व्हीपीएन पुरते. माहिती सार्वजनिक इंटरनेटवरूनच जाते, पण सांकेतिक रूपात. प्रत्येक शाखेला पत्त्यांचा स्वतंत्र गट, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक, त्यांतली एक शक्यतो सिमकार्डवरची, नीट अर्थिंग आणि भारनियमनाला पुरेल इतकी बॅटरी, एवढे असले तर शाखा उभी राहते. दोन लिंक एकाच चरातून आणल्या तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. ग्रामीण भागातले पुष्कळ बिघाड असेच होतात.

जोडणीची शेवटची पायरी गावच्या विकास सोसायटीची, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थेची. अशा 63,000 संस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना केंद्राने जून 2022 मध्ये मंजूर केली. संस्था, जिल्हा बँक आणि राज्य बँक यांची खाती एका समान प्रणालीवर आणणे हा तिचा हेतू. गटसचिवाच्या कपाटातली पीककर्जाची वही तिच्यामुळे मध्यवर्ती नोंदीत जाऊ लागली आहे.