नॉट फाउंड

मागच्या वर्षी रिलीजच्या रात्री माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर सुरूच होईना. टर्मिनलवर एकच तक्रार: शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही. 'एलडीडी' ही कमांड चालवली, तर यादीत एका नावापुढे 'नॉट फाउंड'. लायब्ररी होती, पण पुढच्या आवृत्तीची, वेगळ्या नावाची. बिल्ड मी माझ्याच मशीनवर केला होता, चूक माझीच. सर्व्हरसारखा कंटेनर उभारून पुन्हा बिल्ड केला, तोवर पहाटेचे तीन वाजले. झोप उडालीच होती, मग ही भानगड मुळात सुरू कुठून झाली ते वाचत बसलो.

प्रोग्राम चालू असतानाच हवा तो कोड जोडून घ्यायची सोय १९६०च्या दशकात 'मल्टिक्स'मध्ये होती. सुरुवातीच्या युनिक्सने ती घेतली नाही. तिथे प्रत्येक प्रोग्राम आपला सगळा कोड पोटात घेऊन फिरायचा. पुढे ग्राफिक्स आले, प्रोग्राम फुगले आणि मेमरी तर जेमतेम काही एमबी. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये डीएलएल होत्या, १९८८च्या 'सनओएस ४'मध्ये शेअर्ड लायब्ररी आल्या. हिशेब गावकीच्या भांड्यांचा: लग्नातली मोठी पातेली घरोघरी कशाला? एकच संच ठेवा, सगळे वापरा.

पण कुणी पातेलं बदलून ठेवलं तर? नव्वदच्या दशकात विंडोजवर हेच व्हायचं. नवा प्रोग्राम टाकताना सामायिक डीएलएल बदलली जायची आणि जुना प्रोग्राम बंद पडायचा. या छळाला नावच पडलं, 'डीएलएल हेल'. युनिक्सच्या वंशात तोडगा निघाला तो फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा घालण्याचा. जुन्याशी न जुळणारा बदल केला की आकडा बदलायचा. मला अडवलं ते याच आकड्याने. त्याने अडवलं नसतं, तर प्रोग्राम चुकीच्या लायब्ररीवर चालला असता आणि कुठे कोसळला असता, देव जाणे.

आता डिस्क स्वस्त आहे. २००९ची 'गो' भाषा, २०१३चं 'डॉकर'. पुन्हा ज्याचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर. पण २०१४मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' सापडला, तेव्हा सामायिक लायब्ररी वापरणाऱ्यांना एक फाइल बदलून सर्व्हिस पुन्हा सुरू केली की कोडमधलं भोक बुजवता आलं. ज्यांनी स्वतःची प्रत पोटात घेतली होती, त्यांना प्रत्येक प्रोग्राम नव्याने बिल्ड करावा लागला.

त्या रात्रीपासून मी कंटेनरमध्येच बिल्ड करतो. आणि आत कोणकोणत्या लायब्ररी भरल्यात, त्याची यादी शेजारी ठेवतो. पातेली आता माझी आहेत, घासायचीही मलाच.